मिशेकरावांचं पान

वसुधा करंबेळकरने आयुष्यात पहिल्यांदा मांसाला हात लावला तो वयाच्या अडतिसाव्या वर्षी, नोव्हायमध्ये, माझ्या बेसमेंटमधल्या टेबलावर, आणि तोही माझ्यावरच डाफरत.

"अगं लता, हे हलतंय!"

हलत काही नव्हतं. तिचाच हात थरथरत होता. मी म्हटलं, "बाई, हे हरीण मरून आठ महिने झाले. तू आधी डोळे उघड. डोळे मिटून सुरी धरतेस, बोट कापलंस तर तेही मिशेकरावांच्या पानात जाईल."

तिने डोळे उघडले, नाकावरची ओढणी घट्ट केली, कसलंसं स्तोत्र पुटपुटली आणि सुरी चालवली. तुकडा निघाला हाताएवढा. मी म्हटलं, "हे कुत्र्यासाठी आहे, वाघासाठी नाही." तर माझ्याकडे असं बघितलंन्, की मला वाटलं पुढची सुरी माझ्यावरच.

पण ही झाली जुलैतली गोष्ट. मुळात कऱ्हाडची ही बाई मिशिगनमध्ये हरणाचं मांस कापायला का बसली, ते सांगायचं तर मागे जायला हवं.

आम्ही दोघी साधारण एकाच सुमाराला अमेरिकेत आलो. तिचे यजमान गिरीश मोटारींच्या कंपनीत ब्रेकच्या विभागात, आमचा नरेंद्र दुसऱ्या कंपनीत गिअरच्या. ही गोष्ट १९८४ सालची. तोवर येऊन दहा वर्षं झाली होती, तरी नोव्हायमध्ये मराठी घरं मोजकीच, त्यामुळे ज्याच्याशी पटेल त्याच्याशी मैत्री अशी चैन नव्हती. वसुधाचं आणि माझं पटायचं कारण काहीच नव्हतं. मी ठाण्याची, सीकेपी, शुक्रवारी मटण नसलं तर माझ्या घरी बंड होतं. ती अंडंसुद्धा घरात आणत नाही. दुकानात प्रत्येक डब्यावरचं बारीक अक्षर वाचते. एकदा दीपाने, म्हणजे तिच्या मुलीने, मार्शमेलो आणले. त्यात जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडांचा अर्क, निघालं, तर ही बाई ते पाकीट घेऊन दुकानात परत गेली आणि मॅनेजरला उभं करून समजावलं की बाबा रे, याच्यावर मोठ्या अक्षरात लिहीत जा. पैसे नको म्हणाली. नुसतं समजावलं!

आणि दिला शब्द म्हणजे दिला. पाडव्याला ऐंशी माणसांचं श्रीखंड करते म्हणाली, आदल्या दिवशी बर्फाने वीज गेली, विरजण बिघडलं. दुसरी कुणी असती तर आइसक्रीमचे डबे आणून मोकळी झाली असती. ही त्या घसरड्या रस्त्यावर पाच गावं फिरून दह्याचे डबे गोळा करून आली. मी तिला तेव्हाच म्हटलं, "तुझ्या या शब्दापायी एक दिवस तू खड्ड्यात जाशील." म्हणाली, "जाईन, पण श्रीखंड पोचवून जाईन."

त्यांच्या शेजारी स्टॅन नोवाक राहायचे. सत्तरीचे, एकटे, बायको वारलेली. तरुणपणी वर उत्तरेला, बर्फाच्या मुलखात, गाडी ओढणारे कुत्रे पाळायचे. आता उरला होता एक. मिशेक. लांडग्यासारखं तोंड आणि निळे डोळे, पण स्वभावाने अगदी जावई. दारात आला की आपण उठून काही द्यावं अशा थाटात बसायचा. म्हणून मी त्याला मिशेकराव म्हणायचे.

मेमध्ये स्टॅन शिडीवर चढून छताच्या पन्हळीतला कचरा काढत होते, ते पडले. खुब्याचं हाड मोडलं. अँब्युलन्स वसुधानेच बोलावली. स्ट्रेचरवरून त्यांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, "मिशेकला तू सांभाळ. मी देतो तेच दे. कच्चं. डब्यातलं कोरडं काही देऊ नकोस. वचन दे." आणि आमची वसुधा म्हणाली, "येस, येस, प्रॉमिस. यू डोन्ट वरी."

कच्चं म्हणजे तिला वाटलं, गाजरं, काकड्या.

संध्याकाळी तिने स्टॅनच्या बेसमेंटमधला फ्रीझर उघडला. आत वर्तमानपत्रात बांधलेलं हरीण, वरच्या कप्प्यात कोंबड्यांच्या माना आणि झाकणाच्या आतल्या बाजूला स्टॅनच्या अक्षरात कागद: सकाळी इतकं, संध्याकाळी इतकं, न शिजवता. तिने झाकण लावलं, गाडी काढली आणि थेट माझ्या दारात. चेहरा पांढराफटक.

"लता, मी काय कबूल करून बसले गं!"

मी आधी पोट धरून हसले. मग तिच्या डोळ्यांत पाणी बघितलं आणि हसू आवरलं. सगळा फ्रीझर रिकामा करून माझ्या बेसमेंटमध्ये आणला. मग मी रोज कापायचं, डब्यात भरायचं, आणि तिने तो डबा चिमट्यात धरून न्यायचा, असं ठरलं. डबा, चिमटा आणि मिशेकची थाळी तिने गॅरेजमध्ये वेगळ्या फळीवर ठेवली. मिशेकरावांचं पान गॅरेजमध्येच मांडलं जायचं.

गिरीशरावांना हे अजिबात पटलं नाही. ते इंजिनिअर. त्यांना कुठल्याही गोष्टीला आकडा लागतो. ते जनावरांच्या डॉक्टरांकडून कोरड्या गोळ्यांचं नमुन्याचं पाकीट आणि पत्रक घेऊन आले. त्यात लिहिलं होतं की कोरडं डॉग फूड म्हणजे परिपूर्ण आहार, प्रथिनं इतकी, चुना इतका, आणि कच्च्या मांसात जंतू. ते मला म्हणाले, "लतावहिनी, विसाव्या शतकात आपण कुत्र्याला गुहेतलं जेवण घालतोय." मी म्हटलं, "भावजी, कुत्रा पत्रक वाचून जेवत नाही. त्या गोळ्या तुम्ही एकदा खाऊन बघा, खडी चावल्यासारखं वाटेल." तर त्यांनी खरंच एक खाल्ली! पाकीट वाचायला वसुधा तिथे नव्हती म्हणून, नाहीतर खाल्ली नसती. नंतर पाकिटावर 'कोंबडीची पावडर' असं दिसलं आणि तासभर चुळा भरत होते.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. वसुधा जेवायला बसण्याआधी एक घास बाजूला काढते. माहेरची पद्धत. कऱ्हाडला तो घास कुत्र्याला, गाईला, कावळ्याला, जो येईल त्याला जायचा. नोव्हायमध्ये गाय कुठली! दहा वर्षं ती तो घास मागच्या डेकवर ठेवायची आणि खारी खायच्या. आता घरात सख्खा कुत्रा आला. तिला काय आनंद झाला! म्हणाली, "इतक्या वर्षांनी घासाला धनी मिळाला." मग ती रोज दुपारी, संध्याकाळी, पोळीचा तुकडा भाजीत बुडवून मिशेकला हाताने भरवायची. हा एकच घास तिला भरवता यायचा ना! मांस चिमट्याने, पण हा घास हाताने. मिशेकही तिच्या तळहाताला जीभ लावायचा, आणि ती नाक मुरडायची, पण हात काही मागे घ्यायची नाही.

आणि वसुधाची भाजी म्हणजे कांदा. आमटीत कांदा, पोह्यांत कांदा, बटाट्यापेक्षा कांदा जास्त. वर्षातले आठ महिने कांद्यावर ताव मारायचा आणि चातुर्मासात कांदा-लसूण संपूर्ण बंद, हा तिचा नेम.

जूनच्या शेवटी आम्ही आठवडाभर नायगाराला गेलो. जाताना मी सात दिवसांचे डबे भरून तिच्याकडे दिले. तिसऱ्या दिवशी गिरीशरावांनी संधी साधली. चाळीस पौंडांची डॉग फूडची गोण आणली आणि म्हणाले, "वसू, लतावहिनी येईपर्यंत हे करून बघू. तुला तरी बघवतं का ते कच्चं मांस?" तिला बघवत नव्हतंच. तिने मान हलवली. हे तिने मला नंतर सांगितलं, मान खाली घालून. "मला सुटल्यासारखं वाटलं गं. खोटं कशाला बोलू."

पण मिशेकराव काही पत्रक वाचणारे नव्हते. गोळ्यांचा वास घेतला आणि तोंड फिरवून बसले. एक दिवस, दोन दिवस. वसुधाचा जीव खालीवर. उपाशी कुत्रा तिच्याने बघवेना. मग तिने आपल्या डोक्याने तोड काढली. गोळ्यांवर कांद्याचा रस्सा ओतला. थाळी चाटूनपुसून साफ! गिरीशरावांनी लगेच वहीत टिपलं: कोरडं अन्न, स्वीकारलं. रस्सा टिपला नाही. कसला तो इंजिनिअर!

शनिवारी आम्ही परत आलो त्या दिवशी वसुधाकडे कांदेनवमी. चातुर्मास बसायच्या आधी शेवटचा कांदा मनसोक्त खाऊन घ्यायचा म्हणून ती दर वर्षी दहा-पंधरा माणसं बोलावते. कांद्याची थालीपीठं, कांद्याची पीठ पेरून भाजी, झुणका, आणि भज्यांचा तर डोंगर. मी गॅरेजमधून आत शिरले तर पुढ्यात ती गोण! माझं डोकंच सटकलं. मला राग यायला वेळ लागत नाही, हे मी काही अभिमानाने सांगत नाही. सगळ्यांच्या देखत मी वसुधाला म्हटलं, "त्या म्हाताऱ्याला वचन देऊन आलीस आणि माझी पाठ फिरली की खडी घातलीस?"

झालं! पाहुण्यांचे दोन पक्ष पडले. एक म्हणाला आमच्या गावचे कुत्रे भाकरीवर जगतात. दुसरा म्हणाला लांडगा काय भाकरी भाजतो? गिरीशरावांनी वही आणली. वसुधा भजी तळत राहिली.

आणि मी काय केलं? आता लपवून काय करायचं, सांगून टाकते. मी रागाच्या तिरीमिरीत भज्यांची बशी उचलली, गॅरेजमध्ये गेले, आणि म्हटलं, "घ्या मिशेकराव, माणसाचं अन्न काय असतं ते बघा." सहा भजी घातली. त्याने ती आ वासून गिळली. मला वाटलं, बघा, कशी गंमत! बशी तिथेच ठेवून मी आत आले आणि आणखी दोन तास भांडले.

मंगळवारी सकाळी वसुधाचा फोन. मिशेक उठत नाही. हिरड्या पांढऱ्या पडल्यात, लघवी चहासारखी होतेय. मी धावत गेले. तो गॅरेजमध्ये पडला होता आणि वसुधा जमिनीवर, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. चिमटा दूर कुठेतरी पडला होता. गिरीशराव म्हणाले, "आधीच्या मांसातले जंतू." मी म्हटलं, "तुमच्या गोळ्या!" दवाखान्यापर्यंत गाडीत आम्ही दोघं तेच भांडत होतो. मागच्या सीटवरून वसुधा एवढंच म्हणाली, "जंतू नाहीत आणि गोळ्याही नाहीत. मी शब्द मोडला."

डॉक्टर म्हणजे एक तरुण पोरगी होती, पण हुशार. तिने रक्त काढलं, भिंगाखाली बघितलं, बाहेर आली आणि विचारलं, "याला कुणी कांदा घातला का?"

"रोज. घासभर," वसुधा म्हणाली.

ती म्हणाली, कांदा कुत्र्यांना विष. कच्चा, शिजवलेला, तळलेला, कसाही. रक्तातल्या लाल पेशीच फुटतात. थोडा थोडा रोज गेला तरी साठत जातो, एकदम पुष्कळ गेला तर लगेच दिसतं. गिरीशरावांनी विचारलं, "मग डॉग फूड की कच्चं मांस?" ती म्हणाली, "माझं मत डॉग फूड. पण याला दोन्हींनी काही केलेलं नाही. कांद्याने केलं."

वसुधाने आपला उजवा हात उलटा करून बघितला. ज्याने घास भरवायची तो. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. सहा भजी जिभेच्या टोकावर होती. पण मी, जिच्या तोंडाचा पट्टा कधी थांबत नाही, ती मी गप्प बसले. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली की कुत्रा मेला तर ती माझं तोंड बघणार नाही.

मेला नाही. तीन दिवस दवाखान्यात सलाईनवर राहिला. चौथ्या दिवशी वसुधाला बघून शेपटी हलवलीन्. तोपर्यंत एकादशी होऊन चातुर्मास बसला होता. घरात कांदा औषधालाही नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाली चार महिने तरी कांदा दिसू देऊ नका, तर दीपा पटकन म्हणाली, "दॅट्स ऑलरेडी द रूल."

त्याच आठवड्यात वसुधा माझ्या बेसमेंटमध्ये आली आणि म्हणाली, "सुरी दे. आजपासून मी कापणार."

मी म्हटलं, "अगं, मी देते ना कापून. तू नको त्रास करून घेऊ."

"तू देत होतीस म्हणूनच मला सुटावंसं वाटलं. शब्द मी दिलाय आणि हात तुझे. असं नाही चालत."

मग ते स्तोत्र, ती ओढणी, आणि तो हाताएवढा तुकडा. घरी गेल्यावर रोज दुसरी आंघोळ. पहिल्या आठवड्यात दोनदा ओकारी झाली. तिसऱ्या आठवड्यात मी बघते तर बाईसाहेब कोंबडीची मान खटाखट तोडताहेत आणि मला सांगताहेत, "तुझ्या सुरीला धार नाही." म्हटलं, देवा! ठाण्याच्या सीकेपिणीला कऱ्हाडची करंबेळकरीण धार शिकवतेय!

मिशेक सुधारला. केस पुन्हा चकाकायला लागले. गिरीशरावांनीही हार मानली, म्हणजे त्यांच्या पद्धतीने. वजनाच्या काट्यावर कुत्र्याला कडेवर घेऊन उभे राहायचे, आपलं वजन वजा करायचे आणि वहीत टिपायचे. एकदा मला म्हणाले, "वहिनी, आलेख तुमच्या बाजूने आहे." मी तो मान स्वीकारला. पण भज्यांचं काही बोलले नाही.

ऑगस्ट संपता संपता वसुधाने कबूल केलं की आता तिला मिशेक परत द्यावासा वाटत नाही. "स्टॅन बरे होऊन यावेत असं रोज मागते, आणि ते आले की हा जाईल म्हणून रडायला येतं. मी काय करू?"

सप्टेंबरातल्या एका शनिवारी स्टॅन वसुधाच्या घरी आले, तेव्हा मीही तिथेच होते. वॉकर घेऊन, अर्धे झालेले. बरोबर मुलगा, रिचर्ड, भाड्याच्या ट्रकसह. ते घर विकायचं ठरलं होतं. स्टॅनला तो फ्लोरिडाला आपल्याजवळ नेणार होता. तिथल्या इमारतीत कुत्रा चालत नव्हता. वर उत्तरेला रिचर्डचा एक दोस्त गाडी ओढणारे कुत्रे पाळायचा, त्याला मिशेक द्यायचा असं रिचर्डचं म्हणणं. ट्रकमध्ये पिंजरासुद्धा आणला होता. पण कागदावर काही झालेलं नव्हतं, कुत्रा स्टॅनचा होता, आणि स्टॅन म्हणाले, "आधी मला वसुधाशी बोलू दे. ठेवायचा झाला तर तिलाच पहिला हक्क."

मी वसुधाला स्वयंपाकघरात ओढलं. "ऐक. तुला कुत्रा हवाय ना? मग कांद्याचं काही बोलू नकोस. कुत्रा ठणठणीत आहे. त्यांनी विचारलेलं नाही. तू सांगायचं काही कारण नाही. तू सांगितलंस की तो मुलगा त्याला लगेच पिंजऱ्यात टाकेल, बघ!"

ती म्हणाली, "हो, टाकेल."

आणि बाहेर जाऊन तिने सगळं सांगितलं! पहिल्यापासून. चिमटा, गोळ्या, रस्सा, रोजचा घास, दवाखाना. तिचं इंग्लिश असं की भराभर बोलायला लागली की काळ-वेळाचा घोळ होतो, पण एक गोष्ट गाळली नाही. शेवटी म्हणाली, "मी तुमच्या कुत्र्याला विष घातलं. माझ्या हाताने. मला माहीत नव्हतं, पण घातलं."

स्टॅन मिशेकच्या डोक्यावर हात फिरवत राहिले. रिचर्ड मात्र उठला. "संपलं, डॅड. हिने त्याला मरणाच्या दारात नेलं होतं. मी पिंजरा काढतो."

आणि मग माझं डोकं सटकलं. ते त्याच्यावर सटकलं की माझ्यावर, मला अजून कळलेलं नाही. मी उभी राहिले आणि इंग्लिशमध्ये ओरडले, "थांब! भजी मी घातली! सहा भजी! त्यानेच तो पडला. हिने घातला तो घासभर कांदा, मी घातला तो बशीभर!"

वसुधा माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता ही रडणार, किंवा मला घरातून काढणार.

"सहा?" ती मराठीत म्हणाली. "सहा कुठली? नऊ होती! बशीत मी मोजून नऊ काढली होती, गिरीशच्या साहेबांसाठी. रिकामी बशी गॅरेजमधून उचलली कुणी? मीच ना!"

म्हणजे हिला अडीच महिने माहीत होतं. अडीच महिने माझ्या बेसमेंटमध्ये, माझ्याच टेबलाशी, माझ्याच सुरीने ही मांस कापत होती, आणि एका अक्षराने बोलली नव्हती.

"मग बोलली का नाहीस?" मी ओरडले.

"काय बोलायचं? महिनाभर रोज कांदा भरवला मी. तुझी भजी एका दिवसाची. चूक माझी आहे!"

"तुझी कशी? डॉक्टरीण म्हणाली ना, एकदम पुष्कळ गेला की लगेच दिसतं! माझी आहे!"

"आधी रस्सा ओतला कुणी? तू ओतलास? तू तर नायगाराला होतीस!"

"नायगाराला होते म्हणून काय झालं? परत येऊन बशी उचलली ना! तुला सगळं स्वतःच्याच अंगावर घ्यायचं असतं नेहमी! जरा दुसऱ्याला घेऊ दे की!"

"नाही घेऊ देणार!"

आवाज असे चढले की गिरीशराव गॅरेजमधून धावत आले आणि दारातच थबकले. मिशेक एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. स्टॅननी घाबरून दीपाला विचारलं, "या दोघी भांडताहेत कशावरून?"

दीपा तेव्हा चौदाची. तिने खांदे उडवले आणि इंग्लिशमध्ये सांगितलं, "चूक कुणाची यावरून. दोघींनाही हवी आहे."

स्टॅन हसायला लागले. आधी हळू, मग इतके की वॉकर धरून बसावं लागलं. हसता हसता डोळे पुसायला लागले, आणि डोळे पुसता पुसता हसू संपलं आणि डोळे तेवढे वाहत राहिले. मग मुलाकडे बघून म्हणाले, "रिची, मी शिडीवरून पडलो तेव्हा तू म्हणालास, डॅड, चूक तुमची. तुझी आई गेली तेव्हा मी म्हणालो, चूक डॉक्टरांची. आपल्या घरात चूक कधी कुणी मागून घेतली नाही. पिंजरा राहू दे. कुत्रा इथेच राहील."

रिचर्डने एकदा बापाकडे बघितलं, एकदा आमच्याकडे, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत खाली बसला. मग हळूच हात पुढे करून मिशेकची मान खाजवायला लागला.

वसुधाचं मात्र कुठे लक्षच नव्हतं. ती अजून मलाच सुनावत होती. दीपाने तिचे दोन्ही खांदे धरून हलवले. "आई, स्टॉप! ही इज स्टेइंग. मिशेक इज स्टेइंग!"

"म्हणजे?" वसुधा म्हणाली. आणि मग तिला कळलं. ती तिथेच फरशीवर बसली, कुत्र्याच्या गळ्यात दोन्ही हात घातले आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. मी तिच्या शेजारी बसले आणि तिच्याहून मोठ्याने रडले.